शेजारणीचं ऊन

अन्याय झाला तो तिनेकेवर. ती तेव्हा ब्याऐंशी वर्षांची होती, लायडन या डच शहरातल्या आमच्या घराच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात एकटी राहत होती आणि तिला डोळ्यांनी अर्धवट दिसत होतं. तो झाला मे महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी, दुपारी चार वाजून काही मिनिटांनी, तिच्याच मागच्या खोलीतल्या टेबलावर. करणारे तिघे: माझे बाबा, माझी आई आणि मी. मी चौदा वर्षांची होते. हे वय मी सूट मिळावी म्हणून सांगत नाही, नोंद म्हणून सांगते. त्या टेबलाभोवतीच्या चौघांत दोन्ही भाषा येणारी मी एकटीच होते, त्यामुळे नक्की काय घडतंय हे पूर्ण कळणारीही मी एकटीच होते.

आज मी एकतीस वर्षांची आहे. आठवणी लिहायला हे वय फार लवकरचं आहे असं बाबांचं म्हणणं. असेल. पण गेली काही वर्षं मी भाडेकरूंसाठी पत्रकं लिहिते. कोणाच्या घराचं छप्पर गळतंय, कोणाला कधी नोटीस दिली, कोणी दिली, सगळं नावानिशी. पत्रकाचा पहिला नियम असा की कोणावर काय झालं ते पहिल्या ओळीत आलं पाहिजे, वाचणारा दाराशी उभा असतो, त्याला वेळ नसतो. इतक्या लोकांच्या घरांची पत्रकं काढली आणि स्वतःच्या घराचं काढलं नाही, ही गोष्ट मला अलीकडे झोंबायला लागली आहे. म्हणून हे प्रकरण. यात मात्र तुम्हाला वेळ काढावा लागेल, कारण घर सांगितल्याशिवाय भिंत सांगता येत नाही.

घर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचं. इंग्लंडात असतं तर त्याला व्हिक्टोरियन म्हणाले असते. इथले लोक नुसतं ‘जुनं’ म्हणतात आणि पुढे जातात. पण घर दाखवणाऱ्या एजंटाने बाबांशी इंग्रजीत बोलताना एकदा ‘व्हिक्टोरियन’ म्हटलं आणि बाबा त्या शब्दाच्या प्रेमात पडले. पुण्याच्या प्रत्येक नातेवाइकाला फोनवर तो शब्द ऐकवून झाला. बाबा सायन्स पार्कमध्ये प्रथिनांवर संशोधन करायचे, दिवसभर डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टी हाताळायचे, म्हणून असेल, पण त्या घराच्या जाडजूड दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर त्यांचा जीव होता. पुढची खोली आणि मागची खोली यांच्या मधले सरकते लाकडी दरवाजे, त्यांच्या वरच्या पट्टीतल्या रंगीत काचा, दिवाणखान्याच्या छतावरचं चुन्याचं फूल. ते फूल आम्ही घेतलं तेव्हा दिसतच नव्हतं. आधीच्या कोणीतरी खाली पुठ्ठ्यासारखं फळकूट ठोकून छत झाकून टाकलं होतं. बाबांनी एका रविवारी ते उचकटलं आणि शंभर वर्षांची धूळ डोक्यावर घेऊन खोलीच्या मधोमध उभे राहून ओरडले, “अगं, वर बघा! वर बघा!” रंगाच्या थरांखाली गुदमरलेल्या पाकळ्या होत्या. पुढचे कितीतरी शनिवार ते शिडीवर चढून दात घासायच्या ब्रशने एकेक पाकळी मोकळी करत होते, आणि आई खालून म्हणायची, “माझ्या ओट्याच्या फरशीकडे कधी इतक्या मायेने बघितलंत का हो?”

त्या घराचे आवाज मला अजून झोपेत ऐकू येतात. जिन्याची पाचवी पायरी करकरायची, आठवी कण्हायची. आमच्या आणि तिनेकेच्या मधली भिंत एका विटेची, त्यामुळे तिची किटली, तिचा रेडिओ, तिची खुर्ची सरकल्याचा आवाज आमच्याकडे यायचा आणि आमचा कुकर तिच्याकडे जायचा. पहिल्या वर्षी तिने घाबरून दार वाजवलं होतं. नंतर ती शिट्ट्या मोजायला शिकली. रस्त्यात भेटली की विचारायची, “काल तीन, म्हणजे डाळ. आज सहा कशाच्या?” मी सांगायची, “राजमा.” ती मान डोलवायची, जणू हवामानाचा अंदाज बरोबर आला. तिला ‘तिनेके’च म्हणायचं असा तिचा हुकूम होता, पण आईला ऐंशीच्या घरातल्या बाईला नावाने हाक मारणं जमेना. समोर ती काहीच हाक मारायची नाही, आणि घरात म्हणायची, “त्या तिनेकेमावशींना वाटीभर नेऊन दे गं.”

तिनेकेने आयुष्यभर एका छापखान्यात मुद्रितं तपासली होती. आम्ही शेजारी आलो तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि माझं डच शाळेच्या मैदानापुरतं होतं. तिने मला आठवड्यातून दोनदा तिच्या मागच्या खोलीतल्या टेबलाशी बसवलं, माझी शाळेची पुस्तकं मोठ्याने वाचायला लावली, आणि प्रत्येक चूक तिथल्या तिथे थांबवून सुधारली. लाड नाहीत, शाबासकी नाही. चुकलं की “नाही”, बरोबर आलं की “पुढे”. डोळ्यांच्या आजाराने तिला मधलं धूसर आणि कडेचं स्पष्ट दिसायचं. दिव्याच्या उजेडात अक्षरं विरघळतात, म्हणायची. उन्हात जागेवर बसतात. आमच्या दोन्ही घरांच्या बागा मागे, पश्चिमेला, आणि आमचं घर तिच्या दक्षिणेला. दुपारी दोनच्या पुढे ऊन आमच्या बागेवरून तिरकं होऊन तिच्या मागच्या खोलीत शिरायचं आणि बरोबर त्या टेबलावर पडायचं. दोन ते चार ती भिंग घेऊन, वर्तमानपत्र जरा वाकडं धरून, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायची. मी एकदा म्हटलं, मी वाचून दाखवते. ती म्हणाली, “ऐकलेलं वाचन म्हणजे दुसऱ्याने चावून दिलेला घास. माझे दात आहेत अजून.”

आता आबा. आबा म्हणजे आईचे वडील, मिरजेचे, रेल्वेतून निवृत्त, गुडघे गेलेले. एका उन्हाळ्यात ते आमच्याकडे तीन महिने राहिले. इथला जुन्या घरातला जिना म्हणजे शिडी आणि जिना यांच्या मधलं काहीतरी असतं. झोपायच्या खोल्या वर, न्हाणीघर वर. आबा रोज सकाळी तोंड जिन्याकडे करून, दोन्ही हातांनी वरची पायरी धरून, उलटे खाली उतरायचे आणि उतरताना मोठ्याने पायऱ्या मोजायचे. आम्ही हसायचो, तेही हसायचे. एक दिवस मोजणी नऊवर थांबली आणि धप्पकन आवाज आला. हाड मोडलं नाही, पण आईच्या मनात काहीतरी मोडलं. त्या दिवसापासून ठरलं की खालच्या मजल्यावर, मागे बागेत वाढवून, आबांसाठी खोली आणि न्हाणीघर बांधायचं. आबांनी मिरजेहून फोनवर साफ सांगितलं, “मला कशाला खोली? मी काय संस्थानिक आहे का? नको म्हणतो ना!” आई फोन ठेवून म्हणाली, “नको म्हणतात, म्हणजे आवडलंय.” व्हिसा वर्षाला तीन महिन्यांचा आणि आम्ही खोली जन्मभराची काढली.

आणि त्याच कामात वर माळ्यावर छपराला खिडकी पाडून मला माझी स्वतःची खोली मिळणार होती. हे मी मुद्दाम आत्ताच सांगून टाकते.

काम वाउटर नावाच्या माणसाला दिलं. तोच कंत्राटदार, तोच गवंडी, हाताखाली एक भाचा. सकाळी साडेसातला यायचा, दहाला कॉफी आणि सोबत एक बिस्किट, बाराला स्वतःच्या डब्यातलं पाव-चीज, साडेतीनला घरी. घड्याळ लावून घ्यावं. हिवाळ्यात त्याने आतली कामं काढली: कुजलेल्या तुळया बदलल्या, जमिनीच्या फळ्या उचलून खाली ऊब राहील असं काहीतरी भरलं, गिलावा खरवडला. पहिल्याच दिवशी दहा वाजता आईने कॉफीसोबत पोहे नेले. तो म्हणाला, नको, धन्यवाद. आईने बशीत वाढले. तो म्हणाला, खरंच नको. आईने वर खोबरं घातलं. दुसऱ्या दिवशी सांजा, तिसऱ्या दिवशी साबुदाण्याची खिचडी. चौथ्या दिवशी त्याने मला बाजूला घेतलं. “तुझ्या आईला सांग, मी नाही म्हणतो तेव्हा मला नको असतं.” मी आईला सांगितलं, “तो म्हणतो, थोडंच वाढ.”

“बघ!” आई म्हणाली. “लाजतो बिचारा.”

आणि खरी गंमत अशी की दुसऱ्या आठवड्यापर्यंत तो दोन बश्या खायला लागला, खिचडीच्या दिवशी भाच्याच्या बशीतलीही उचलायला लागला. झालं. आईचा सिद्धान्त सिद्ध झाला. आपल्याकडे पंगतीत पहिलं ‘नको’ रीतीचं असतं, दुसरं भिडेचं असतं, तिसऱ्यानंतर माणूस जेवतो. आग्रह न करणारा यजमान कंजूष ठरतो आणि पहिल्याच वाढीला हो म्हणणारा पाहुणा अधाशी. या नियमावर आमचं घर चालत होतं आणि त्यात वाईट काही नव्हतं. वाईट झालं ते आम्ही हाच नियम ताटातून उचलून भिंतीला लावला तेव्हा.

भिंत बरोबर हद्दीच्या रेषेवर उभी राहणार होती, म्हणून तिनेकेची सही लागत होती. संक्रांतीला आईने तिला जेवायला बोलावलं. गुळाची पोळी झाली, तिळगूळ झाला, मग बाबांनी टेबलाची एक बाजू पुसून नकाशा उलगडला. तिनेकेने कागद डोळ्यांच्या कडेला धरला, बोटाने रेषा शोधली आणि म्हणाली, “नाही. याने माझं ऊन जाईल.” डचमधलं ‘नाही’ आई-बाबांना कळत नव्हतं असं नाही; तेवढं डच आमच्या गल्लीतल्या मांजरालाही कळत होतं. पण पुढचं मी भाषांतर केलं, “त्या म्हणतात, उन्हाचं जरा बघा.” आई त्यांच्या ताटात अजून एक पोळी वाढत म्हणाली, “बघू की! बघणारच!”

दुसऱ्यांदा बाबा संगणकावर काढलेली चित्रं घेऊन तिच्याकडे गेले, जूनमध्ये सावली इथे, सप्टेंबरमध्ये इथे. डिसेंबरचं चित्र त्यांनी छापलं नव्हतं. लपवायचं म्हणून नव्हे, असं ते आजही सांगतात. कागद संपला होता. तिनेके म्हणाली, “चित्रं छान काढली आहेत. माझं उत्तर नाही.” मी सांगितलं, “चित्रं आवडली त्यांना.” घरी येताना बाबा म्हणाले, “येतायत लाइनीवर.”

आणि तिसऱ्यांदा तो मंगळवार. आईने ओल्या नारळाच्या करंज्या नेल्या होत्या. तिनेके त्या दिवशी थकलेली होती. ती माझ्याकडे वळून म्हणाली, “तुझ्या वडिलांना विचार, माझ्या बाजूची भिंत ते कमी उंचीची करतील का. खिडकीच्या चौकटीच्या वर जाऊ नये. तेवढं करणार असतील तर मी सही करते.” मी बाबांना विचारलं. बाबांनी जरा विचार केला आणि प्रामाणिकपणे म्हणाले, “अवघड दिसतं. आर्किटेक्टला विचारावं लागेल, खात्री नाही देता येणार.” मी तिनेकेकडे वळले आणि जिच्या टेबलाशी ती भाषा शिकले त्याच टेबलाशी बसून तिला त्या भाषेत म्हणाले, “हो. कमी करणार आहेत.”

तिने सही केली. नकाशा तोच होता, त्यात काही बदललेलं नव्हतं. ती कागद वाचायला गेली नाही. छापखान्यात आयुष्य काढलेल्या बाईने न वाचता सही केली, कारण मी सांगितलं होतं. बाबांना मी म्हणाले, “विचारून बघा म्हणतात.” आईचे डोळे भरून आले. “शेवटी माणूस माणसाचं ऐकतोच,” ती म्हणाली आणि करंज्यांचा डबा त्यांच्याकडेच ठेवला. माझ्या डोक्यात माळ्याची खिडकी होती. यापलीकडे काही कारण शोधायला गेलात तर मिळणार नाही.

नगरपालिकेचा परवाना आला, उन्हाळा गेला, पाया खणला. ऑक्टोबरात वाउटरने ओळंबा सोडला, दोरी ताणली आणि विटांचे थर चढायला लागले. काम बघायला छान वाटतं हे मी नाकारणार नाही. थापीचा टकटक आवाज, ओल्या सिमेंटचा वास, दर संध्याकाळी घर इंचाइंचाने मोठं झालेलं. बाबा कामावरून येऊन सायकल लावायच्या आधी मागे जाऊन भिंतीला हात लावून यायचे.

त्याच दिवसांत एका दुपारी मी शाळेतून आले तर दारात चिठ्ठी, आमचं पार्सल शेजारी ठेवलंय. इकडे हे नेहमीचं; घरी कोणी नसलं की शेजारी पार्सल घेतात. मी तिनेकेकडे गेले. दार उघडंच होतं. ती मागच्या खोलीत होती, पण टेबलाशी नव्हती. टेबल सावलीत होतं. तिने खुर्ची ओढून दुसऱ्या भिंतीला, कपाटाशी नेली होती, तिथे जमिनीपासून वर उन्हाची एक पट्टी उरली होती, आणि त्या पट्टीत वर्तमानपत्र येईल असं ते उभं धरून ती वाचत होती. पाय नीट ठेवायलाही जागा नव्हती.

“परवा मी तिथे होते,” तिने बोट दाखवलं. “काल तिथे. आज इथे. उद्या कपाटात बसावं लागेल.” ती हसली नाही. “वाउटरला मी सकाळी विचारलं, तू थांबणार कधी. तो म्हणाला, अजून आठ थर. मी म्हटलं, कमी उंचीचं ठरलंय. त्याला काही माहीत नाही. तुझे वडील त्याला सांगायला विसरले असतील. तू आठवण कर.”

मी म्हणाले, “करते.” पार्सल घेतलं आणि घरी आले.

दोन दिवस मी काहीच बोलले नाही. त्या दोन दिवसांत दोन थर चढले. तिसऱ्या दिवशी जेवताना, वरण-भातावर लिंबू पिळता पिळता, मी सगळं सांगितलं: संक्रांतीचं, चित्रांचं, करंज्यांचं. वाउटरच्या पोह्यांचंही. बाबा अगदी शांतपणे म्हणाले, “सही त्यांची आहे. परवाना आहे. कायद्याने आपण बरोबर आहोत.” माझी आजची सगळी चीड त्या तीन वाक्यांवर पोसलेली आहे. नंतर कितीतरी घरमालकांच्या तोंडून मी ती ऐकली, त्याच क्रमाने, तितक्याच शांतपणे.

“कायद्याने?” आई म्हणाली. तिने भाताचा हात तसाच धरला होता. “अहो, मी बाईला तीनदा वाढत बसले. तीनदा त्या नको म्हणाल्या आणि मी वाढत बसले! मला वाटलं, रीत आहे. मी जेवायचा आग्रह करते हो, कोणाचं ऊन काढून घ्यायचा नाही करत.”

“पण ही खोटं बोलली, त्याला तू काय करणार?”

“ही खोटं बोलली. पण ‘नाही’ तर मला ऐकू आलं होतं ना? तुम्हाला आलं नव्हतं?”

माझ्याकडे कोणी बघितलंही नाही, आणि मला ते रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई चपला घालून मागे गेली आणि वाउटरच्या समोर उभी राहून तिच्या डचमध्ये म्हणाली, “थांबा.” त्याला वाटलं कॉफी झाली. तो घड्याळ बघून म्हणाला, “आत्ता तर आठच वाजलेत.” आईने भिंतीवर तळहात ठेवला. “काम थांबवा. ही भिंत थांबवा.” त्याने माझ्याकडे बघितलं. मी शब्दाला शब्द ठेवून सांगितलं. तो थापी पाण्यात बुडवत म्हणाला, “शेवटी कोणीतरी बोललं. ती म्हातारी रोज खिडकीत खुर्ची हलवते, मला काय दिसत नाही?” मग बादली उचलून भाच्याला म्हणाला, “चल, आज गिलावा.”

त्याच दिवशी दुपारी आम्ही तिघं तिनेकेकडे गेलो. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा आई कोणाच्या घरी रिकाम्या हाताने गेली असेल. बाबांनी मला आधीच बजावलं, “जे म्हणतील ते जसंच्या तसं. वाईट असलं तरी.” मी तिनेकेला आधी माझं सांगितलं. भाषांतर नव्हतं, माझंच होतं. ती ऐकत राहिली, मध्ये एकदा फक्त एका चुकलेल्या शब्दाशी तिची भुवई उचलली गेली, सवयीने. मग बाबा म्हणाले, “त्यांना विचार, आता आम्ही काय करावं असं त्यांना वाटतं.”

“मला काय वाटतं ते मी तीनदा सांगितलं,” तिनेके म्हणाली. “चौथ्यांदा सांगून ते जास्त खरं होणार नाही. भिंत तुमची आहे. तुम्ही ठरवा. मी ठरवलं तर तुम्ही लोकांना सांगाल, शेजारणीने पाडायला लावली.”

मी जसंच्या तसं सांगितलं. बाबांचे कान लाल झाले. मग ती माझ्याकडे बघून आणखी एक वाक्य म्हणाली. आईने विचारलं, “काय म्हणाल्या?” मी सांगितलं, “मी त्यांच्या टेबलाशी डच शिकले, असं म्हणाल्या.”

बाबांनी भिंत उतरवली. सहा थर. आर्किटेक्टने छप्पर तिच्या बाजूला उतरतं करून दिलं, नगरपालिकेकडे पुन्हा कागद गेले, काम दोन महिने लांबलं. वाउटरने प्रत्येक वीट सोडवून, घासून, बाजूला रचून ठेवली; चांगली वीट फेकायची नसते म्हणाला. पुढच्या उन्हाळ्यात आबा आले तेव्हा त्यांच्या खाटेच्या बाजूचं छत इतकं खाली होतं की उठताना रोज डोकं आपटायचं. “घर म्हणे व्हिक्टोरियन, आणि छप्पर गोठ्याचं!” ते ओरडायचे. दोन उन्हाळे आले ते. मग विमानाचा प्रवास झेपेना. आता त्या खोलीत बाबांचं चालायचं यंत्र आणि आईच्या लोणच्याच्या बरण्या आहेत.

आणि तिनेके? छप्पर पूर्ण झाल्यावर आईने मला विचारायला पाठवलं, आता ठीक आहे का. ती म्हणाली, “भिंत उंच होती त्यापेक्षा बरं. पूर्वीसारखं नाही.” तेवढंच. मग पुढचा नोव्हेंबर आला. नोव्हेंबरात इथे सूर्य आळशी माणसासारखा खालूनच निघून जातो. सहा थर उतरवूनही त्याला पुरेशी वाट होत नव्हती. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिच्या टेबलावर ऊन आलं नाही. त्या वर्षी नाही, पुढच्या नाही, ती त्या घरात होती त्या कुठल्याच हिवाळ्यात नाही. ती चाकांचा वॉकर ढकलत, पावसात, बसने, मोठ्या खिडक्यांच्या वाचनालयात जायची आणि घरी येणारं तेच वर्तमानपत्र तिथे वाचून यायची. मी शाळेतून सायकलवर येताना तिला स्टॉपवर उभी बघायची. ती हात करायची. माझं डच तपासणं तिने बंद केलं नाही, पण “पुढे” म्हणायच्या आधी आता ती एक क्षण थांबायची, ऐकलेलं पुन्हा एकदा मनात वाचून बघितल्यासारखी.

ती गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. बाबा मात्र ही गोष्ट सांगतात. झूटरमेर गावातल्या हॉलमध्ये गणपतीला मराठी माणसं जमली की कोणीतरी डच शेजाऱ्यांची तक्रार काढतो, आणि बाबा पाणी पिऊन, घसा साफ करून सुरू होतात: आम्ही तर बांधलेली भिंत उतरवली हो, सहा थर, केवळ माणुसकी म्हणून. लोक वा म्हणतात. मागच्या वर्षी मी पलीकडच्या खुर्चीवरून म्हटलं, “बाबा, नोव्हेंबरचं पण सांगा.” कोणाला कळलं नाही. एका काकूंनी पटकन बटाटेवड्यांचं ताट पुढे केलं. परतताना गाडीत बाबा म्हणाले, “सगळ्यांसमोर बोलायची गरज होती?” मी म्हटलं, “सगळ्यांसमोरच सांगत होतात ना?” आई मागच्या सीटवर होती. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “ती बरोबर बोलते आहे हो.” दहा किलोमीटर पुढे गेल्यावर बाबा म्हणाले, “डिसेंबरचं चित्र काढलं असतं तर दिसलं असतं मला.” मी बाबांवर प्रेम करते. हे वाक्य काढून टाकलं तर बरं, असं पत्रक लिहिणारी मी मला सांगते आहे. पण ते खरं आहे, म्हणून राहू देते.

आता तुमच्याकडे येते. हे वाचणाऱ्यांपैकी कित्येकांनी इथे जुनी घरं घेतली आहेत, मागे खोली काढायचा बेत आहे, नकाशा झाला आहे, शेजाऱ्याची सही तेवढी राहिली आहे, आणि घरात दहा-बारा-चौदा वर्षांचं एक मूल आहे ज्याचं डच तुमच्यापेक्षा चांगलं आहे. त्याला बरोबर नेऊ नका. सही मागण्याआधी ज्याला तुमच्या खोलीतून काही मिळणार नाही असा दुभाषी आणा, हिवाळ्याची सावली कागदावर काढून नेऊन दाखवा आणि एकदाच विचारा. उत्तर ‘नाही’ आलं तर उठा, घरी या आणि नकाशा बदला. आणि ज्यांची भिंत आधीच उभी आहे त्यांनी या शनिवारी शेजारची घंटा वाजवून विचारावं, तुम्हाला यात काय गमावावं लागलं? मग तोंड बंद ठेवून शेवटपर्यंत ऐकावं.